डोंगरासमोर तीन पाय

४ ऑक्टोबर

आज सुनावणीत मी असं बोलले की मागच्या बाकांवरचे लोक उठून उभे राहिले. शिपाई पाण्याचा पेला हातात धरून दारातच थांबला. आणि तरीही आम्ही हरलो. म्हणजे हरलो नाही, तहकूब झालो. पण ज्याची बाजू खरी आहे त्याने तहकूब होणं म्हणजे हरणंच.

सगळं पहिल्यापासून लिहून ठेवते, कारण राग आला की माझा क्रम चुकतो. आमच्या वस्तीमागे डोंगर आहे. डोंगराच्या खांद्यावर पाण्याची टाकी आहे, तिच्यावर सगळी वस्ती जगते. डोंगराच्या पोटात खाणवाला दगड काढतो. त्याला परवानगी आहे ती एका पांढऱ्या खुंटापर्यंत. खुंट म्हणजे हद्दीचा दगडी खांब, कमरेएवढा, चुन्याने रंगवलेला. त्याच्या पलीकडे खणलं तर टाकीचा पाया उघडा पडेल. पाया उघडा पडला की टाकी खाली येईल, आणि खाली आम्ही आहोत. हा खुंट गेल्या काही महिन्यांत चालायला लागलाय. उन्हाळ्यात तो एका वाकड्या झाडापासून चांगला लांब होता, आता झाडाजवळ आलाय. दगडाला पाय फुटत नाहीत, फोडणारे असतात. वर जाऊन मोजावं तर कुंपण आणि कुत्री.

हे सगळं मी सांगितलं. कायदा सांगितला, इतिहास सांगितला, पाण्यावरून बुडालेली राज्यं सांगितली. खाणवाल्याचा वकील हनुवटीला बोट लावून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला की बाईंचं वक्तृत्व थोर आहे, पण खुंट जागच्या जागी आहे. भावनेच्या भरात बाईच थोड्या सरकल्या असाव्यात. लोक हसले. आमचेही हसले.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला मोजता येईल असं काहीतरी द्या. एकाच जागेवरून, एकाच चौकटीत काढलेले दोन फोटो. एक आत्ताचा, एक पुढच्या सुनावणीच्या वेळचा. आणि तक्रारदार तुम्ही आहात, तेव्हा तुम्हीच काढलेले."

पुढची सुनावणी नोव्हेंबरअखेर. मी आयुष्यात फोटो काढलेला नाही. पण पहिलं भाषण देईपर्यंत मी भाषणही दिलेलं नव्हतं.

५ ऑक्टोबर

कॅमेरा घरात आहे, नणंदबाईचा. हे गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. ती माझ्याहून लहान, पण रुग्णालयात उभी हयात एक्स-रे काढण्यात गेल्यामुळे समोरच्याला हुकूम सोडायची सवय अंगात मुरलेली. निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या फोटोंचा नाद लागला. मग गुडघा गेला, आणि आता खिडकीतल्या कबुतरांवर भागवते. कॅमेरा दिला, पण मूत्रपिंड काढून दिल्यासारखा चेहरा करून.

तिने जे समजावलं त्याचा सारांश असा. खुंट लांब आहे, म्हणून तिची ती मोठी लेन्स लावायची, जिचं वजन भरल्या कुकरएवढं आहे. खाण सुरू झाली की धुरळा उडतो, म्हणून फोटो पहाटे, कोवळ्या उजेडात काढायचा. उजेड कमी म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवायचा. उजेडाची कसर दुसऱ्या युक्तीने भरून काढली तर फोटो रवाळ होतो आणि बारीक खुंट त्यात विरघळतो. आणि डोळा उघडा असताना केसभर हललं तर संपलं. म्हणून ट्रायपॉड हवा. तिचा स्वतःचा भाच्याने नेला तो नेलाच.

मी विचारलं, कसला घेऊ? म्हणाली, "ठाम घे. आणि वरचं हेड त्याच्याहून ठाम घे. वहिनी, पाय कितीही मजबूत असले तरी मान लटपटत असेल तर काय उपयोग?"

हे वाक्य मी कुठेतरी वापरणार आहे. बऱ्याच लोकांना लागू पडतं.

६ ऑक्टोबर

कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार चष्मा दोरीने गळ्यात अडकवणारा, गोड बोलणारा गृहस्थ. भिंतीला टेकवून पंधरा-वीस ट्रायपॉड उभे होते, कवायतीला आल्यासारखे. मला पाहताक्षणी ही वस्तू आवडली. चार पायांचं टेबल घ्या, जमीन जरा उंचसखल असली की एक पाय हवेत. मग त्याच्याखाली कागदाच्या घड्या. तीन पाय कसल्याही जमिनीवर टेकतातच. ज्याने ही वस्तू शोधली त्याला समाज कळलेला असणार. हे मी दुकानदाराला सांगितलं. त्याच्याबरोबर आणखी तीन गिऱ्हाइकांनी ऐकलं, त्यांतलं एक तर नुसता सेल घ्यायला आलं होतं.

निवड मी तत्त्वावर केली. आम्ही चळवळीतली माणसं, झोळीत मावेल तेच आमचं. सर्वांत हलका, पाचदा घडी होणारा, काठीसारखा बारीक होणारा ट्रायपॉड घेतला. दुकानदार म्हणत होता की पायाला जितके सांधे जास्त तितका तो कच्चा, आणि वरचं हेड तुमच्या लेन्सला पेलायचं नाही. मी त्याला म्हटलं, जगात आजवर टिकलं ते वाकणारंच. तो गप्प बसला. माणूस पटवला की गप्प बसतो, हा माझा अनुभव आहे.

नणंदबाईने पिशवीतून काढून पाहिला आणि विचारलं, "छत्रीची दांडी का आणलीस?"

९ ऑक्टोबर

दुकानदाराचं बरोबर होतं, हे इथे लिहिते, त्याला सांगणार नाही.

जागा मात्र उत्तम सापडली. कालव्यावर पायी जाणाऱ्यांसाठी लाकडी पूल आहे. काठावरून झाडी आडवी येते, पुलाच्या बरोबर मध्यावरून मात्र खुंट, वाकडं झाड आणि टाकी एका ओळीत दिसतात. दुसरी जागाच नाही. ट्रायपॉडचे तीन पाय जिथे टेकले तिथे फळ्यांवर लाल रंगाचे ठिपके दिले. पायांच्या उंचीलाही चिकटपट्टीची खूण केली. उद्या कुणी म्हणायला नको की बाई सरकल्या.

कॅमेरा बसवला, चौकट लावली, हेडचा स्क्रू आवळला. हात काढला, आणि लेन्सने मान टाकली. हळूहळू, झोप अनावर झालेल्या श्रोत्यासारखी. खुंट चौकटीतून निघून गेला आणि कालव्यातली म्हैस आत आली. पुन्हा आवळला, पुन्हा तेच. एकदा कशीबशी थांबली तर फोटोत खुंटाच्या जागी नुसता पांढरा ओरखडा.

१० ऑक्टोबर

दुकानदाराने परत घेतला. त्याच्या चेहऱ्यावर विजय दिसला असता तर मी काही बोलले असते, पण दिसला नाही. व्यापाराने माणूस सभ्य होतो, हे मान्य करावं लागेल.

आज दुसरा आणला. कार्बनचा, काळाभोर, पाय चार घड्यांचे. वर बॉल हेड, म्हणजे खोबणीत बसलेला गोळा. एक कळ फिरवली की मोकळा, उलट फिरवली की पक्का. मधला खांब वर काढायचा नाही, एवढं दुकानदाराने दोनदा बजावलं. खांब वर काढला की तीन पायांचा एक पाय होतो म्हणाला. खाली आकडा आहे, वाऱ्यात वजन टांगायला. मी तिथेच लेन्स लावून टकटक करून पाहिलं. मान टाकली नाही.

१५ ऑक्टोबर

तीन पहाटा गेल्या. मान टाकत नाही, हे खरं. पण फोटो अजूनही पुसट. मोठा करून पाहिला की खुंट उभा लांबलेला दिसतो, मेणबत्ती वितळावी तसा. आकड्याला दगडांची पिशवी टांगली तर ती वाऱ्याने घंटेसारखी झुलायला लागली, काढून टाकली.

पद्धतीत माझी काही चूक नाही. नणंदबाईने सांगितलं तसं बटण दाबायला हात लावत नाही, टायमर लावते. टायमर लावला की मला थोडा मोकळा वेळ मिळतो, त्यात सुनावणीचं भाषण घोटून घेते. पुलावर पहाटे कुणी नसतं, आवाज पाण्यावरून छान घुमतो. आज "हा डोंगर कुणाच्या बापाचा नाही" या वाक्यावर टाच अशी बसली की खालचे बगळे उडाले. ते जमलं. आवाज घशातून निघतो असं ज्यांना वाटतं ते आयुष्यभर माइकच्या आधाराने बोलतात. आवाज टाचेतून निघतो. नव्या मुलींना मी हेच शिकवते: शब्द संपायच्या आत पाय जमिनीवर पडला पाहिजे.

भाषण असं रंगतंय, आणि ट्रायपॉड मात्र दगा देतोय. खुंट पुन्हा सरकायच्या आत पहिला फोटो हातात हवा. पहिलाच नसेल तर दुसऱ्याला कोण विचारतो?

१७ ऑक्टोबर

दुकानदार मला पाहून आत गेला आणि पाणी पिऊन बाहेर आला. त्याने आडून आडून विचारलं की पूल हलतो का. मी म्हटलं, पुलावर माझ्याशिवाय चिटपाखरू नसतं. मग त्याचंही काही चालेना.

आज मी तत्त्व बदललं. हलकेपणाची भक्ती पुरे झाली. जे स्थिर ठेवायचं आहे ते जडच पाहिजे. कोपऱ्यात एक दांडगा ट्रायपॉड होता, पाय मनगटाएवढे, प्रत्येकी दोनच सांधे, मधला खांब मुळातच नाही. टोकाचं रबर फिरवलं की आतून टोकदार खिळे निघतात, ते फळीत रुततात. त्यावर दात्यांचं हेड बसवलं. त्यात गोळा नाही, मोकळं सोडणं नाही. तीन चक्र्या आहेत, फिरवाल तेवढंच हलतं, आणि प्रत्येक चक्रीपाशी अंश कोरलेले. आजचे अंश लिहून ठेवले तर महिन्याने तीच चौकट, तसूभर फरक नाही. मी त्या चक्र्या फिरवून पाहिल्या आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण वकिलाला हरवू शकतो.

दुकानदार म्हणाला, "बाई, हा लोक गाडीतून नेतात." मी त्याला सांगितलं की टाकी पडली तर लोक घरंही गाडीतूनच नेतील. त्याने मुकाट्याने बांधून दिला.

नणंदबाईने आपली चाकांची भाजीची पिशवी काढून दिली, वर म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. आता हे तिसरं अंगण."

१८ ऑक्टोबर

पुसट.

२१ ऑक्टोबर

परवा महिलांच्या सभेत माइक बंद पडला. मी म्हटलं, गरज नाही. दीड-दोनशे बायकांपर्यंत पोचले, पण काल सकाळी उठले तर घशातून नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर एक शब्दही नाही, कुजबुजही नाही. नणंदबाईने त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. घरी येताना ती गुणगुणत होती.

२३ ऑक्टोबर

मिळाला!

पहाटे गेले, या ट्रायपॉडच्या पायांखाली लाल ठिपके नव्याने दिले, खिळे फळीत रोवले, चक्र्या लावल्या, टायमर लावून मुकाट्याने उभी राहिले. दुसरं करणार काय? घरी येऊन संगणकावर मोठा केला तर खुंट असा स्वच्छ की त्याच्यावरचे चुन्याचे ओघळ मोजावेत. वाकडं झाड, त्याची एक मोडकी फांदी, टाकीची शिडी, सगळं. खुंट झाडापासून जरा अंतर राखून उभा आहे. आणखी तीन काढले, तिन्ही तसेच. सहाव्या दिवसापर्यंत वाट पाहायला लावलीस, पण रुजलास रे बाबा. जड वस्तूला जमिनीशी ओळख व्हायला वेळ लागतोच.

अशा वस्तूवर लेख लिहायला हवा. तो झुकत नाही, गयावया करत नाही, वाऱ्याला भीक घालत नाही. आमच्या समितीत असे तिघं असते तर खाण केव्हाच बंद झाली असती.

पाटीवर खडूने लिहून नणंदबाईला दाखवलं: आधीची अंगणं खरंच वाकडी होती, हे सरळ निघालं. तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, फोटो खरंच चांगला आहे. तिच्या तोंडून हे म्हणजे पदवीदान.

१७ नोव्हेंबर

मधले दिवस सह्या गोळा करण्यात गेले. आज पुलावर गेले. खुंट झाडाच्या पलीकडे उभा आहे.

डोळ्यांना दिसतोय. आता तो टाकीच्या बाजूला आहे, नव्या चुन्याने चकचकीत. मागच्या जागी ताजी माती. त्यांनी एवढी हिंमत केली याचा अर्थ त्यांना वाटतंय की माझ्याकडे फक्त जीभ आहे. त्यांना तीन पाय माहीत नाहीत. घसा ठणठणीत झालाय. फोटो उद्या.

२० नोव्हेंबर

उद्याचे तीन दिवस झाले. पुसट, पुसट, पुसट. चक्र्या तेच अंश दाखवतात, पाय लाल ठिपक्यांवर आहेत, सगळे स्क्रू मी पक्कड लावून आवळले. खुंट पुन्हा मेणबत्तीसारखा. ट्रायपॉड घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने तो उभा केला आणि त्याला धरून स्वतः दोन्ही पाय उचलून लोंबकळून दाखवलं. चष्मा पडला, ट्रायपॉड नाही.

मग काय झालंय? मला झोप लागत नाही, हे कबूल करते. वकिलाचं ते बोट हनुवटीवर दिसत राहतं. निदान भाषण तयार आहे. आज पुलावर शेवटचा भाग तीनदा म्हटला, हातवाऱ्यांसकट.

२४ नोव्हेंबर

नणंदबाईने सगळे फोटो, पहिल्यापासून आजपर्यंतचे, एकाशेजारी एक लावले आणि तास-दीड तास पाहत बसली. एक्स-रे पाहायची तशी, ओठ घट्ट मिटून. मग मला बोलावलं.

म्हणाली, वाऱ्याने हललेलं आडवं पसरतं. हे सगळं उभं पसरलंय, म्हणजे धक्का खालून येतोय. आणि चांगले आलेले सगळे फोटो एकाच आठवड्यातले आहेत. मग तिने विचारलं, त्या आठवड्यात तू वेगळं काय करत होतीस? मी म्हटलं, काहीच नाही, आजारी होते. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं माझ्या पाठीमागे कुणी उभं आहे.

"उद्या मी येते," म्हणाली.

गुडघा घेऊन पुलाच्या पायऱ्या कशा चढणार विचारलं, तर म्हणाली बसून चढेन.

२५ नोव्हेंबर

आज रागातच लिहितेय.

नणंदबाई खरोखर एकेक पायरी बसत चढली. पुलावर कठड्याला धरून उभी राहिली. मी कॅमेरा लावला, टायमर लावला आणि रोजच्यासारखी सुरुवात केली. "कुणाच्या बापाचा नाही" झालं, "पाणी पिणारा प्रत्येक माणूस" झालं. फोटो निघाला. ती गुडघा चोळत होती.

"वहिनी, ट्रायपॉड ठीक आहे," ती म्हणाली. "तू हलतेस."

मी म्हटलं, मी? मी त्या कॅमेऱ्यापासून दोन हात लांब, खडकासारखी उभी होते.

"तू बोलत होतीस. तू बोलतेस तेव्हा पाय आपटतेस. तू पाय आपटलास की फळी हलते, फळी हलली की हा तुझा हत्ती हलतो. मला गुडघ्यात कळतंय, कॅमेऱ्याला कळणार नाही?"

मी सांगितलं की मी पाय आपटत नाही. हे सांगताना, ती म्हणते, मी पाय आपटला.

मग तिने मला पुन्हा टायमर लावायला लावला, जवळ येऊन माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि त्या जुन्या, खालच्या पट्टीतल्या आवाजात म्हणाली, "श्वास घ्या. रोखा. हलू नका." माझ्या चळवळीच्या आयुष्यात पोलिसांनीही मला असं थांबवलेलं नाही. कॅमेरा टिचकला. तिने पडद्यावर मोठा करून दाखवला. खुंट झाडापलीकडे, पांढरा, सुईसारखा रेखीव.

येताना मी तिच्याशी बोलले नाही. ती म्हणाली, हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर

रात्रभर विचार केला. दोष पुलाचा आहे. नागरिकांच्या वर्दळीसाठी बांधलेला पूल एका बाईच्या टाचेने हलत असेल तर त्याच्या बांधणीचीच चौकशी झाली पाहिजे. सुनावणी झाली की हा विषय हाती घेते.

दोन्ही फोटो मात्र छापून आणले. एकावर एक ठेवून उजेडात धरले तर झाड झाडावर, शिडी शिडीवर, आणि खुंट दोन.

२८ नोव्हेंबर

सगळं लिहिते, जसं झालं तसं.

सुनावणी दुपारनंतरची. मी फोटो ठेवले. अधिकारीबाईंनी ते खिडकीपाशी नेऊन एकावर एक धरले. मी भाषणाला तोंड उघडलं, तेवढ्यात वकील उठला. आज तो हसत नव्हता, म्हणजे घाबरला होता. म्हणाला, एक पाऊल डावीकडे सरकून फोटो काढला की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपुढे उडी मारते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. दोन्ही फोटो एकाच जागेवरचे कशावरून? मी लाल ठिपक्यांचं सांगितलं, अंशांचं सांगितलं. तो म्हणाला, ठिपके बाईंनीच दिलेत. खाणवाला स्वतः आला होता, त्याने हात जोडून सांगितलं की तक्रार आल्या दिवसापासून खुंटापाशी कुणी फिरकलेलंही नाही, तिकडे सगळं काम बंद आहे.

अधिकारीबाईंनी दोघांकडे पाहिलं. म्हणाल्या, चला पुलावर. माझ्यासमोर काढा.

गेलो. त्या, त्यांचा कारकून, वकील, खाणवाला, मी, नणंदबाई, आणि वाटेत आमच्या वस्तीतले जे जे भेटले ते. आभाळ भरून आलं होतं, उजेड पहाटेइतकाच मलूल. मी ठिपक्यांवर पाय टेकले, खिळे रोवले, कागदावरचे अंश अधिकारीबाईंना वाचायला दिले आणि चक्र्या त्यांच्याच देखत फिरवल्या. चौकटीत झाड बरोबर जागेवर आलं, शिडी जागेवर आली. त्यांनी जुना फोटो शेजारी धरून पाहिला आणि मान हलवली. आता फक्त फोटो निघायचा होता.

निघाला, आणि पुसट. वकील फळ्यांवर येरझाऱ्या घालत कारकुनाला काहीतरी सांगत होता, वस्तीतली माणसं कठड्याशी रेटारेटी करत होती. वकील वाकून पडद्यात बघून म्हणाला, "हाच का तुमचा पुरावा?" मागून कुणीतरी त्याला उत्तर दिलं, मग त्याने त्याला, आणि पूल सगळा पाळण्यासारखा झाला. नणंदबाई माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. मला तिचा राग आला आणि मग कळलं की ती का बोलत नाही. इतक्या लोकांना तिचा आवाज पोचला नसता.

मी दोन्ही हात वर केले. भाषण सगळं पाठ होतं.

"कुणीही हलायचं नाही," मी म्हटलं.

चौकात सभा थांबवते त्या आवाजात म्हटलं. आणि सगळे थांबले. वकील एक पाय पुढे टाकलेला तसाच उभा राहिला. मी टायमर लावला आणि दात आवळून, बोटं तळव्यात रुतवून उभी राहिले. मला कुणी विचारलं की आयुष्यातलं सर्वांत अवघड काम कोणतं, तर मी तुरुंगातले दिवस सांगणार नाही.

त्या शांततेत आवाज आला. डोंगरावरून. टण. थोडा वेळ काही नाही. टण. दगडावर घण पडतो तसा. इतका बारीक की बोलत असतो तर जन्मात ऐकू आला नसता.

कॅमेरा टिचकला. तरी कुणी हललं नाही. अधिकारीबाईंनी खाणवाल्याकडे न बघता विचारलं, "हा आवाज कसला?" तो म्हणाला, दुसऱ्या कुठल्यातरी डोंगरावरचा असेल. त्या कॅमेऱ्यापाशी गेल्या, डोळा लावला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग कारकुनाला बोलावलं आणि म्हणाल्या, बघा आणि लिहून घ्या, खुंटाच्या पलीकडे तीन माणसं आहेत, एकाच्या हातात घण आहे. कारकुनाने पाहिलं. मग म्हणाल्या, आता वकीलसाहेबांनी बघावं. वकिलाने पाहिलं नाही.

फोटो स्वच्छ आला होता. खुंट झाडापलीकडे.

हुकूम तिथेच तोंडी दिला, लेखी उद्या. खाण आजपासून बंद. खुंट पहिल्या फोटोतल्या जागी परत बसवायचा, सरकारी मोजणीदारासमोर, आणि टाकीच्या पायाची तपासणी.

नणंदबाईला पायऱ्या उतरायला हात दिला. म्हणाली, "तुझं आजवरचं सर्वांत चांगलं भाषण. तीन शब्दांचं." मी तिला सांगितलं की बाकीचं भाषण अजून शिल्लक आहे.

३ डिसेंबर

आज मोजणीदाराने खुंट पहिल्या फोटोतल्या जागी रोवला. आम्ही पुलावरून लेन्समधून एकेकाने पाहिलं. अधिकारीबाईंनी सांगितलंय की दर महिन्याला याच जागेवरून एक फोटो त्यांच्याकडे पोचला पाहिजे, म्हणून नणंदबाईने आजचा पहिला फोटो लावायला घेतला. सारी वस्ती जमली होती. पाणी सुटायची वेळ होती तरी बायका घरी गेल्या नाहीत. मागून ओरड सुरू झाली की बाई, दोन शब्द बोला, आज तरी बोला.

नणंदबाईने चक्रीवरचा हात न काढता मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी पुलावरून खाली उतरले, काठावरच्या पक्क्या जमिनीवर येऊन उभी राहिले, सगळ्यांना तिकडे बोलावून घेतलं, आणि मग मनसोक्त बोलले.